न्हावा शेवा की बॅलार्ड पिअर?

भाचा विचारतोय, मामा कंटेनरच्या लाइनला जाऊ की क्रूझच्या? दोन्हीकडे वाढ आहे म्हणतात, पण वाढ वाढीत फरक असतो रे.

न्हावा शेवा, म्हणजे उरणजवळचं कंटेनर बंदर, 1989 ला सुरू झालं आणि 2023-24 मध्ये 64 लाखांवर कंटेनर (टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशोबात) हाताळले, काम बाराही महिने, रात्रपाळी धरून, आणि उरणच्या रस्त्यावर ट्रेलरमागे अडकलास की डबा गाडीतच उघडायचा.

बॅलार्ड पिअरचं, म्हणजे मुंबई पोर्टचं क्रूझ टर्मिनल म्हणजे एसी, ट्रॉली बॅगा, सेल्फी. पण पावसाळ्यात जवळपास सामसूम, आणि जहाज आलं की त्या दिवशी नुसती पळापळ.

घरी हप्ते असतील तर कंटेनर. इंग्रजी फाडफाड आणि चार महिने दम धरता येत असेल तर क्रूझ.