घर तारण होतं, कपाट नव्हतं

लातूरचं दादाचं घर बँकेनं ताब्यात घेतलं. कर्ज खरं होतं आणि थकलं होतं तेही खरं, त्यामुळे बँकेशी भांडण नाही. कृषी सेवा केंद्रासाठी दादानं घर तारण ठेवलं होतं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव त्याच्या खाली, मग गावोगावची उधारी वसूल होणार कशी? मला सांगायचंय ते बँकेच्या आधी, बँकेचं नाव सांगून दारात आलेल्या माणसाबद्दल.

सरफेसी कायद्यात (थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा, २००२ चा आहे) बँक आधी ६० दिवसांची नोटीस देते. पैसे भरले नाहीत की घरावर ताब्याची नोटीस चिकटवते आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. त्या चौकटीत कर्जदाराचं नाव, घराचा पत्ता, थकबाकीची रक्कम, सगळं असतं. घरचे लोक लाजेनं तो पेपर घडी करून ठेवून देतात. पण ती चौकट कापून फायलीत लावणारेही लोक आहेत. आमच्याकडे आलेल्याच्या फायलीत पहिलं पान तेच होतं. गळ्यात लॅमिनेशन केलेलं कार्ड, तोंडात दादाचं पूर्ण नाव आणि थकबाकी रुपयापर्यंत बरोबर. वहिनीला शंका यायला जागाच नव्हती.

दादा तेव्हा उधारी मागायला गंगाखेडला गेलेला. माणूस म्हणाला, "ताई, कशाला बी हात लावू नका. आतलं सगळं आता बँकेचं. कपडे आन् भांडी तेवढी न्या." फ्रिज, कूलर, इन्व्हर्टर, शिलाई मशीन, लोखंडी कपाट, सगळ्याची त्यानं यादी केली. वहिनी शिलाई मशीनसाठी रडायला लागली तर म्हणे, पंचवीस हजार द्या, निम्म्या वस्तू यादीतून गाळतो. पैसे रोख घेतले, पावती नाही. नंतर टेम्पो आला आणि गाळलेल्या वस्तूंसकट सगळं "बँकेच्या गोडाऊनला" गेलं. एका कोऱ्या कागदावर सही घेतली, वर मजकूर नंतर लिहिला असणार. कपाटाच्या लॉकरची किल्ली दादाकडे. थांबा म्हटलं तर म्हणाला, "साहेब गाडीत बसलेत, त्यांना किती वेळ थांबवू?"

जाता जाता सल्लाही दिला: खिडक्यांच्या ग्रिल, दरवाजे, बेसिनचे नळ काढून टाका, माझा माणूस भंगारात घेईल, तेवढेच चार पैसे सुटतील.

म्हणजे जे आपलं ते त्यानं बँकेचं सांगितलं आणि जे तारणात गेलेलं ते आपलं सांगितलं. बरोबर उलटं. तारण असतं ते घर. भिंतींत बसवलेल्या खिडक्या, दरवाजे, ओटा, फरशी, वायरिंग हे घराबरोबर जातं. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, १८८२ पासून, जमिनीला आणि इमारतीला कायमचं जोडलेलं ते स्थावरच धरलंय. कर्जानंतर हौसेनं बसवलेली ग्रिलही त्यातच. ती उपटली तर घराची किंमत पडते, लिलावात बोली कमी लागते आणि उरलेलं कर्ज आपल्याच डोक्यावर राहतं. उलट बोली चढली आणि कर्ज, खर्च वजा जाऊन रक्कम उरली तर ती कर्जदाराला मिळते. भंगाराच्या चार पैशांसाठी हे घालवायचं नाही. वहिनीनं ग्रिलला हात लावू दिला नाही, एवढं नशीब. बोअरच्या मोटरीसारख्या वस्तूवर वाद होऊ शकतो. ती काढण्याआधी बँकेच्या अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावं.

घरातल्या सुट्या सामानाचं तसं नाही. फ्रिज, कपाट, पलंग, मशीन वेगळं तारण दिलेलं नसेल तर बँकेचा त्यावर हक्क नाही. फ्रिज हप्त्यावर असेल तर त्याचा हिशेब त्या फायनान्सवाल्याशी.

खरा ताबा कसा घेतात ते आम्ही नंतर पाहिलं. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, त्यावरून महसूलचे लोक, पोलीस, बँकेचा प्राधिकृत अधिकारी, पंच. पंचनामा दारातच लिहिला. दादानं सामानाचं विचारलं तर अधिकारी म्हणाला, "सामानाशी आमचा काय संबंध? उलट तुम्ही नेलं नसतं तर आम्हालाच यादी करून नोटीस काढावी लागली असती." दादा भिंतीला टेकून खालीच बसला.

वसुलीचा माणूस दारात आला तर ओळखपत्रासोबत बँकेचं अधिकारपत्र मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ते त्याच्याजवळ असावं लागतं. त्याच्यासमोरच शाखेला फोन लावा, नंबर पासबुकावरचा, त्यानं दिलेला नाही. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायलाही बंदी आहे. आमचा पाहुणा दिवेलागणीनंतर यायचा. बँकेची कारवाईच चुकीची वाटत असेल तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. मराठवाड्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरात आहे.

आणि घर सोडताना फ्रिजच्याही आधी कागद बाहेर काढा. आमच्या लॉकरमध्ये पुतणीचं जात वैधता प्रमाणपत्र होतं, आजोबांच्या नावाच्या खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) नक्कल होती. मराठा-कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटचा विषय निघाल्यापासून असल्या कागदांना काय किंमत आलीय ते सांगायला नको. आता दोन्हींच्या नकलांसाठी दादाच्या सरकारी कचेरीत खेपा चालू आहेत.

पोलिसांत तोतयेगिरी आणि फसवणुकीची तक्रार दिलीय. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात टेम्पोचा नंबर मिळाला. शिलाई मशीन जुन्या सामानाच्या एका दुकानात सापडली, वहिनीनं पायट्याला बांधलेल्या लाल चिंधीवरून ओळखली. दुकानदार म्हणतो, खरेदीची पावती दाखवा आणि घेऊन जा. पावती लॉकरमध्ये होती.