चिठ्ठीत नाव निघालं की वाजवायचं! (५ पैकी ४ स्टार, एक का कापला ते खाली)

आधीच सांगून ठेवतो, या वाजवण्याच्या बैठकीला गाणं ऐकायला मिळेल म्हणून जाणार असाल तर जाऊ नका, उगाच चिडून परत याल. चाल नाही, ठेका नाही, तालीम नाही, आधी ठरवलेलं काहीच नाही. माणसं जमतात, वाद्यं काढतात आणि जे होईल ते होतं. फ्री इम्प्रोव्हायझेशन म्हणतात याला. मी आत्तापर्यंत पाच वेळा गेलोय, पहिल्या दोनदा नुसता कोपऱ्यात बसून ऐकलं, नंतर तीनदा वाजवलं पण, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही.

पद्धत अशी की आल्या आल्या चिठ्ठीवर नाव आणि काय वाजवणार किंवा काय करणार ते लिहून डब्यात टाकायचं. मग तीन तीन चिठ्ठ्या काढतात, ज्यांची निघाली त्यांनी मध्ये जाऊन बसायचं, दहा मिनिटं. आपापसात बोलायचं नाही, "तू सुरू कर, मी मागून येतो" असलं काहीही नाही. मला पहिल्यांदा हा पोरखेळ वाटलेला, पण खरं सांगू का, सगळ्या प्रकारात सगळ्यात हुशार गोष्ट तो डबाच आहे. ओळखीचे लोक एकत्र बसले ना की पाच मिनिटांत आपापल्या नेहमीच्या जागांवर येतात, याने असं केलं की मी तसं करणार हे हाताला पाठ असतं, अनोळखी माणसापुढे ती पाठांतरं चालत नाहीत. डेरेक बेली नावाचा इंग्लिश गिटारवाला होता, त्याने १९७७ पासून लंडनमध्ये कंपनी वीक म्हणून साधारण हेच केलं, वेगवेगळ्या ठिकाणचे वाजवणारे बोलवायचे आणि आठवडाभर त्यांच्या निरनिराळ्या जोड्या, तिकड्या करून वाजवायला बसवायचं. या वाजवण्याला तो नॉन-इडिओमॅटिक म्हणायचा, म्हणजे कुठल्याच घराण्याची बोली नसलेलं.

आता मी तबलेवाला. आपल्याकडे आयत्या वेळी सुचणं काय कमी आहे का, आलाप आहे, उपज आहे, पण राग आणि ताल आधी ठरलेला असतो, किती पण लांब भटका, सम (तालाची पहिली मात्रा) तुमची वाट बघत उभी असते. इथे समच नाही. पहिल्या सेटला मी बसलो आणि माझा हात गेला की सरळ तीनतालात! दोन आवर्तनं झाली तेव्हा लक्षात आलं की बाकीचे दोघं गप्प बसलेत, म्हणजे मी त्यांना जागाच ठेवली नव्हती. एवढी लाज वाटली म्हणून सांगू. मग नुसता डग्ग्यावर, म्हणजे जोडीतल्या डाव्यावर, तळहात घासत बसलो, आणि तेव्हा कुठे व्हायोलिनवाल्या बाईंनी गज लावला.

तिकडीतल्या तिसऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं "कागद". हो, कागद. उंच, लाजाळू पोरगा, मांडीवर वर्तमानपत्राची एक शीट घेऊन बसलेला, चार मिनिटं काहीच नाही. मला वाटलं घाबरला असेल. मग व्हायोलिन अगदी बारीक होत होत बंद पडायला आलं आणि याने शीट सावकाश, एका रेषेत, वरून खालपर्यंत फाडली. पाचही वेळा मिळून मी तिथे ऐकलेला सगळ्यात चांगला आवाज तो होता, आणि वाजवणाऱ्याला सूर लावता येतो की नाही मला अजून माहीत नाही.

असे बरेच येतात. एकजण गिटार मांडीवर आडवी टाकून तारांवर छोटा हातपंखा फिरवतो, लोक फोटो काढतात, पण ही आयडिया जुनी आहे, लंडनच्या एएमएम ग्रुपमधल्या कीथ रोने गिटार टेबलावर आडवी टाकली ती १९६०च्या दशकात. डान्सवाले पण असतात. एकदा एक डान्सर डबल बास वाजवणाऱ्याच्या पाठीला पाठ लावून हळूहळू त्याच्यावर भार टाकत गेली, म्हणजे स्टीव्ह पॅक्स्टन या अमेरिकन डान्सरने १९७२ मध्ये सुरू केलेलं ते कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, एकमेकांच्या अंगावर भार देत-घेत आयत्या वेळी नाचायचं, फक्त इथे समोरचा डान्सर नव्हता, बिचारा बास सांभाळत होता. ती टेकली की त्याचा गज जड व्हायचा आणि ती सुटली की सूर वर जायचा. कोण कोणाला चालवतंय तेच कळेना.

बाकी खोली घुमते, खुर्च्या करकरतात (एकदा तर करकरणं सेटमध्येच घेतलं), प्रत्येक सेटनंतर "मला काय वाटलं" याच्यावर चर्चा होते ती निम्मी केली तरी चालेल. नवख्या माणसाशी मात्र फार नीट वागतात, वाजवता येतं का असं एकदाही कोणी विचारलं नाही.

आता कापलेला स्टार. शेवटी सगळे एकदम वाजवतात, वीसेक माणसं, वीस मिनिटं. सुरुवातीची दोन मिनिटं छान जातात, मग अँपवाला आवाज वाढवतो, म्हणून सॅक्सोफोन वाढवतो, म्हणून ड्रम्स वाढतात, आणि कागदवाल्याने पूर्ण रद्दीचं दुकान फाडलं तरी ऐकू येणार नाही. जॉन स्टीव्हन्स या इंग्लिश ड्रमरचा एक साधा नियम सांगतात, दुसरा ऐकू येत नसेल तर तू जास्त मोठ्याने वाजवतोयस. तो भिंतीवर लावा राव! नाहीतर बुच मॉरिस नावाचा अमेरिकन संगीतकार १९८५ पासून कंडक्शन करायचा तसं कोणीतरी पुढे उभं राहून हाताच्या खुणांनी कोण थांबणार, कोण धरून ठेवणार ते सांगा. मी हे आयोजकांना बोललो तर म्हणाले मग ते फ्री कसं राहील. बरं, पण ज्याच्याकडे मोठा स्पीकर तोच फ्री असेल तर बाकीच्या एकोणीस जणांचं काय? यावर ते हसले, पटलं की नाही कळलं नाही.

रेकॉर्डिंगची लिंक नंतर पाठवतात ती जरूर ऐका, स्वतः वाजवलं असेल तर डबल जरूर. मला वाटायचं मी फार कमी वाजवलं, लिंक ऐकली तर सगळीकडे मीच.

पुढच्या वेळी जाणार आहेच, शेवटच्या गोंधळाआधी निघेन. आणि तबला घरीच. चिठ्ठीवर लिहिणार "डग्गा आणि चाव्यांचा जुडगा".