तर्री घरापर्यंत पोचली पाहिजे: नागपूरच्या सावजी पार्सलचं परीक्षण

सावजी भोजनालयात, म्हणजे नागपूरच्या झणझणीत मसाल्याच्या खानावळीत, पाटावर-टेबलावर बसून जेवणं वेगळं आणि तेच मटण डब्यातून घरी आणणं वेगळं. मार्च 2020 पर्यंत हा फरक फारसा कुणी मनावर घेत नव्हतं. पार्सल म्हणजे पन्नीत (प्लास्टिकच्या पिशवीत) रस्सा, वर गाठ, कागदात चार पोळ्या. 20 मार्चला करोनामुळे राज्य सरकारने मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडसोबत नागपूरही बंद ठेवायचं जाहीर केलं, पाच दिवसांत देशभर टाळेबंदी लागली. मग ज्याची चूल पेटली त्याच्याकडे विकायला पार्सलच उरलं. 5 ऑक्टोबरला निम्म्या खुर्च्यांवर दारं उघडली. 15 मार्च 2021 पासून नागपुरात पुन्हा आठवडाभर कडक बंद, आणि एप्रिलमध्ये राज्यभर पुन्हा बैठक, म्हणजे हॉटेलात बसून जेवणं, बंद. या दीड वर्षात जी भोजनालयं टिकली त्यांनी पार्सल हा जोडधंदा न मानता मुख्य धंदा मानला. इथे परीक्षण त्या पार्सलचं आहे: डबा, भरणं, पोचवणं आणि हिशोब.

सावजीचा रस्सा पार्सलला सगळ्यात अवघड. तो पातळ असतो, त्यावर तेल तरंगतं, तीच तर्री, आणि चव त्या तेलातच असते. भाजलेला काळा मसाला, मिरी, खसखस, दगडफूल यांचा वास तर्रीत उतरलेला असतो. तर्री डब्याबाहेर गेली की आत उरतं ते तिखट पाणी. म्हणून डब्याचा पहिला निकष एकच: गरम तेल अडवतो का?

पाण्याने तपासलेला डबा इथे फसवतो. पाणी ज्या फटीत अडतं त्याच फटीतून गरम तेल सरपटत बाहेर येतं. डब्यांची नवी खेप आली की दोन डबे गरम रस्स्याने भरावेत, झाकण लावून कोऱ्या कागदावर दहा मिनिटं उलटे ठेवावेत. कागदावर पिवळं कडं उमटलं तर अख्खी खेप परत करावी. ज्या भोजनालयात ही तपासणी होते तिथलं पार्सल पिशवीतून काढताना हाताला तेल लागत नाही. गिऱ्हाईक हे लगेच ओळखतं.

आता डबे. तळाशी त्रिकोणात 5 आकडा असलेला पीपी प्लास्टिकचा 500 मिलीचा गोल डबा हा एकदाच वापरायच्या डब्यांत सगळ्यात भरवशाचा. उकळता रस्सा तो सहन करतो. त्रिकोणात 1 असलेला काचेसारखा पारदर्शक डबा दिसायला सुंदर, पण साधारण 70 अंशांना मऊ पडायला लागतो. त्यात कांदा-लिंबू ठीक, रस्सा नाही. थर्माकोल तर तेल आणि उष्णता दोन्हींपुढे हार मानतो. ॲल्युमिनियम फॉइलच्या डब्याला पुठ्ठ्याचं झाकण असतं, कडा दुमडून बसवतात. कोरड्या भाताला तो उत्तम, पण रस्स्याचं तेल पुठ्ठ्यात शिरतं आणि दुमड सैल होते. शिवाय तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाही. पन्नीतल्या रस्स्याला आम्ही शून्य गुण देतो. पातळ पन्नीत उकळतं तेल ओतणं अन्नासाठी वाईट, आणि राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर 2018 पासूनच बंदी आहे.

डबा चांगला असूनही पार्सल सांडतं, कारण भरण्यात चूक होते. गंजातून (मोठ्या पातेल्यातून) उकळता रस्सा ओतला आणि झटकन झाकण दाबलं की वर अडकलेली थंड हवा तापून फुगते, वाफ भरते आणि झाकण एका बाजूने उचललं जातं. दुचाकीच्या पहिल्या खड्ड्यात तिथूनच धार लागते. उपाय सोपा आहे. 500 मिलीच्या डब्यात 400 मिलीच भरायचं, मिनिटभर उघडं ठेवून वाफ जाऊ द्यायची, मग तोंडावर चिकटणारी पातळ फिल्म ताणून वरून झाकण बसवायचं. आतली वाफ निवताना झाकण खाली ओढलं जातं आणि आणखी घट्ट बसतं. मात्र मिनिटभर म्हणजे मिनिटभरच. झाकण उघडं ठेवून अर्धा तास डबे रांगेत निववणं ही उलट चूक आहे. गरम अन्न 60 अंशांच्या वर राहिलं पाहिजे, कोमट मटणात जंतू झपाट्याने वाढतात.

तर्री सारखी वाटण्यातही कसब लागतं. गंजात ती वर असते, त्यामुळे पहिल्या दहा डब्यांत तर्रीच तर्री आणि शेवटच्या दहांत फिका रस्सा. बैठकीत वाढपी पळीने सांभाळून घेतो, पार्सलच्या घाईत ते जमत नाही. जाणते आचारी आधी तर्री दुसऱ्या भांड्यात काढून घेतात. प्रत्येक डब्यात अगोदर मोजून चार तुकडे, त्यावर रस्सा, शेवटी एक पळी तर्री, म्हणजे साधारण 30 मिली. रविवारी दुपारी दीड वाजता घेतलेलं पार्सल आणि साडेबाराचं पार्सल सारखं निघालं तर समजावं, आत हीच पद्धत आहे.

सगळे पदार्थ सारखे प्रवास करत नाहीत. खुराचा रस्सा सगळ्यात गुणी. पायातला चिकट अंश निवल्यावर थिजतो, सांडत नाही, आणि मंद आचेवर ठेवला की पुन्हा जसाच्या तसा मोकळा होतो. डाळ कांदाही उत्तम पोचतो. अंडा रस्सा ठीक. पाटोडी रस्सा मात्र एकाच डब्यात दिला तर बेसनाची पाटोडी रस्सा पिऊन फुगते आणि घरी पोचेपर्यंत पिठलं होतं. पाटोड्या वेगळ्या हव्यात. खिम्याचे गोळे गचक्यांनी फुटतात. बंदच्या काळात ज्यांनी फळ्यावरचे पंधरा-अठरा पदार्थ पुसून पाच-सहा ठेवले, ते हा हिशोब करूनच. मोजके पदार्थ म्हणजे एकच वाटण, दोन गंज, कमी गॅस आणि संध्याकाळी फेकायला काही नाही.

भाकर हा सगळ्यांचाच कच्चा दुवा. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकर थेट फॉइलमध्ये गुंडाळली की स्वतःच्याच वाफेने ओली होते, आणि निवली की वातड. जाळीवर मिनिट-दीड मिनिट ठेवून मग बटर पेपरमध्ये गुंडाळली तर अर्धा तास बरी राहते. त्यापुढे कुठलाच कागद तिला वाचवत नाही. वर्तमानपत्रात तर बांधूच नये, छपाईची शाई गरम अन्नाला लागते. लांब पोळी (उलट्या मडक्यावर भाजलेली मोठी, पातळ पोळी) चौघडी घालून दिली तर भाकरीपेक्षा जास्त वेळ मऊ राहते, म्हणून लांबच्या पत्त्यावर तीच मागवावी. कांदा चिरून दिला की पाणी सुटतं; अर्धा अखंड कांदा आणि लिंबाची फोड हेच योग्य.

सकाळच्या तर्री पोह्यांबद्दल थोडक्यात: पोहे, चण्याची तर्री (तिखट रस्सा), शेव-चिवडा आणि कांदा-सांबार (कोथिंबीर) वेगवेगळे बांधून मिळाले तरच घ्यावेत. एकत्र केलेले पोहे दहा मिनिटांत लगदा होतात.

आता पोचवण्याची बाजू, कारण भोजनालय जगलं की बुडालं ते इथे ठरलं. समजा 300 रुपयांचं पार्सल आहे. मटण, तेल, मसाला, पीठ धरून 130 रुपये, डबे-पिशवी 16 रुपये. ॲपने 25 टक्के कमिशन घेतलं तर 75 रुपये, आणि त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 13 रुपये 50 पैसे. 5 टक्के जीएसटीच्या पद्धतीत हॉटेलला या कराची वजावट मिळत नाही, तो खिशातूनच जातो. हातात उरले 65 रुपये 50 पैसे. त्यातून गॅस, पगार, भाडं, वीज. तेच पार्सल स्वतःच्या माणसाने 35 रुपये खर्चून पोचवलं तर उरतात 119 रुपये. दिवसाला 60 पार्सलं धरली तर फरक 3,210 रुपयांचा. शिवाय ॲपचे पैसे आठवड्याच्या हिशोबाने येतात आणि मटणवाला रोज सकाळी रोख मागतो. ऑक्टोबर 2020 पासून प्राप्तिकराचा 1 टक्का टीडीएसही कापला जाऊ लागला (ऑक्टोबर 2024 पासून तो 0.1 टक्का झाला). विवरणपत्र भरल्यावर तो जमेस धरता येतो, पण तोवर अडकून राहतो.

म्हणून चांगल्या भोजनालयांनी वाढप्यांनाच दुचाकीवर बसवलं. माणसाची नोकरीही राहिली. व्हॉट्सॲपवर सकाळी दहापर्यंत ऑर्डर घ्यायची, पैसे यूपीआयने आधी, मटण मोजून आणायचं, एकदाच शिजवायचं, आणि एका फेरीत एकाच दिशेची तीन-चार पार्सलं. महाल भागातून निघालेला डबा जवळच्या सक्करदरा-नंदनवनला गरम पोचतो. वाडी किंवा हिंगण्याचा लांबचा पत्ता घेणं म्हणजे थंड रस्सा आणि वाया गेलेली फेरी, तिथे नम्रपणे नाही म्हणणारं भोजनालय आम्हाला जास्त विश्वासाचं वाटतं. पण फेऱ्या भरत नसतील, दिवसाला दहा-बाराच ऑर्डर असतील, तर स्वतःचा माणूस महाग पडतो. तिथे ॲपच बरं; फक्त पदार्थाची किंमत त्यासाठी वेगळी ठरवावी लागते.

कर्जाच्या योजनांनी किती हात दिला? हप्त्यांना 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 सवलत मिळाली, पण व्याज चालूच राहिलं. मार्च 2021 मध्ये आपत्कालीन कर्ज हमी योजनेचा तिसरा टप्पा हॉटेल व्यवसायापर्यंत आला: 29 फेब्रुवारी 2020 ला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या 40 टक्क्यांपर्यंत नवं कर्ज, मुदत सहा वर्षं, पहिली दोन वर्षं मुद्दल नाही. अट नीट वाचली की दुखणं कळतं. ज्याच्या डोक्यावर आधी बँकेचं कर्ज नव्हतं त्याला यातून काहीच मिळालं नाही. पुढच्या खोलीत भोजनालय आणि मागे घर, चूल घरच्याच बायका सांभाळतात, उधारी फक्त किराणावाल्याची, अशी कितीतरी सावजी भोजनालयं या चौकटीबाहेर राहिली. भाडं नव्हतं आणि मजुरी घरचीच होती, यावरच ती तगली. त्या बायकांच्या श्रमाची किंमत कुठल्याच हिशोबात धरलेली नाही, ही गोष्ट आम्हाला फार लागते.

परमिट रूमचं (दारूच्या बारचं) पार्सल मात्र नापास, आणि दोष मालकांचा नाही. मे 2020 मध्ये राज्याने त्यांना सीलबंद साठा छापील किमतीत विकायची परवानगी दिली. पण बारचा गल्ला चालतो तो पेगच्या किमतीवर. छापील किमतीत वाईन शॉपएवढीच कमाई, आणि डोक्यावर परवान्याचं शुल्क बारचं. ते शुल्क शहराच्या लोकसंख्येवर ठरतं, गल्ल्यावर नाही. त्यात उन्हाळ्यासाठी भरलेली बिअर. तिची मुदत साधारण सहा महिने, तीही थंड जागेत. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना बंद गोदामात ती मुदतीआधीच शिळी लागायला लागते. फ्रिज चालू ठेवावा तर वीजबिल, बंद ठेवावा तर माल वाया. जुना साठा पुढे लावून आधी तोच विकणं आणि चालू फ्रिज एकावर आणणं, एवढंच हातात होतं.

चखन्याचं पार्सल काहींनी करून पाहिलं. शेंगदाणे, चणा-कांदा, उकडलेली अंडी जातात. तळलेलं चिकन बंद डब्यात वाफेने मऊ पडतं. झाकणाला चार भोकं आणि तळाशी टिपकागद असेल तर वीस मिनिटं कुरकुरीत राहतं. परंतु पेगशिवाय चखना मागवणारं गिऱ्हाईक कमी, आणि जे मागवतं ते सावजीकडूनच मागवतं. ज्या बारचं स्वयंपाकघर मुळात चांगलं होतं त्यांनी जेवणाचे डबे सुरू केले आणि तेच तरले.

परत दार उघडतानाचं एक निरीक्षण. महिनोन्महिने बंद राहिलेल्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी झुरळं आणि दुर्गंधी येते ती मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकल्यामुळे. आठवड्याला एक बादली पाणी ओतलं असतं तर ते टळलं असतं. बंद फ्रिजचं दार फटीएवढं उघडं ठेवलं नाही तर रबराला बुरशी धरते. चिमणीतलं साचलेलं तेल काढल्याशिवाय भट्टी पेटवू नये, आग लागते.

सगळ्या डब्यांत आमचा पूर्ण पाच गुणांचा डबा अजून सांगितलेला नाही: गिऱ्हाइकाचा स्वतःचा स्टीलचा, रबरी कडीचा, चिमट्याच्या झाकणाचा डबा. रस्सा गळत नाही, वास धरत नाही, 16 रुपये वाचतात. काही भोजनालयं अनामत घेऊन स्वतःचे डबे देतात. डब्यावर नंबर कोरलेला आणि वहीत नोंद असेल तरच ते परत येतात. स्वतःचा डबा नेणार असाल तर एक लिटरचा न्या, म्हणजे दोघांचा रस्सा हलायला जागा राहील. काउंटरवर तो उकळत्या पाण्याने विसळून मागा, थंड स्टीलमध्ये रस्सा पहिल्या मिनिटातच निवतो. घरी आल्यावर डब्यातच न तापवता पातेल्यात काढा, मंद आचेवर एक खळखळती उकळी येऊ द्या, तर्री पुन्हा वर आली की उतरवा. लिंबू ताटात पिळा, पातेल्यात नाही.