खडूने रंगवलेली गोधडी: कोणता रंग घ्यावा, कोणता टिकतो

गेल्या तान्ह्या पोळ्यानंतर आमच्या इमारतीतील मुलांनी काढलेल्या नंदीबैलांच्या चित्रांची एक गोधडी शिवावी असे आम्ही तिघींनी ठरवले, तेव्हा कापड आणि अस्तर यांवर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो रंगावर. एकीला शाळेच्या दप्तरातले मेणखडू पुरेसे वाटत होते, दुसरीला बाटलीतल्या फॅब्रिक कलरशिवाय काही पटत नव्हते, आणि मी मात्र आधी सुटे तुकडे रंगवून, धुऊन पाहावेत या मताची होते. त्या धुण्यातून जे हाती लागले ते अशाच पेचात असलेल्यांसाठी येथे मांडते.

प्रथम आपली गोधडी अंगावर घेण्याची आहे की भिंतीवर टांगण्याची, हे ठरवावे. अंगावरची गोधडी वर्षातून चार-सहा वेळा तरी धुतली जाणार. भिंतीवरची कदाचित कधीच नाही. पुढची सारी निवड या एका उत्तरावर अवलंबून आहे.

साधा मेणखडू म्हणजे पॅराफिन मेणात कालवलेली रंगाची पूड. हे मेण साधारण 50 ते 65 अंश सेल्सिअसला वितळते, तर सुती कापडासाठी इस्त्री सुमारे 200 अंशांपर्यंत तापते; त्यामुळे इस्त्रीखाली मेण पातळ होऊन वर ठेवलेल्या कागदात शोषले जाते आणि पूड धाग्यांच्या फटींत मागे राहते. ती धाग्याशी कायमची जोडली जात नाही, नुसती अडकून बसते, म्हणून प्रत्येक धुण्यात थोडी थोडी सुटत जाते. आमच्या तुकड्यांत निळा आणि तपकिरी बऱ्यापैकी टिकले, तर गुलाबी आणि जांभळा लवकर विटले. तरीही मुलाच्या हाताचा दाब, रेघेचा खडबडीतपणा मेणखडूत जसा उतरतो तसा दुसऱ्या कशातही उतरत नाही, हे मान्य करावेच लागेल.

मेणखडूत बहुतेकांची चूक होते ती इस्त्रीत. लाल झुलीच्या बैलाच्या तुकड्यावर मी तीन कोरे कागद बदलले आणि कंटाळून थांबले, जरी तिसऱ्या कागदावर गुलाबी छटा स्पष्ट दिसत होती. पहिल्याच धुण्यात त्या झुलीचा लाल भोवतीच्या पांढऱ्या कापडावर पसरला. दुसरा तुकडा मी सातवा कागद स्वच्छ निघेपर्यंत इस्त्री केला, तो कोमट पाण्यात धुतल्यावरही काठाला डाग पडला नाही. इस्त्री फिरवायची नाही, उचलून दाबायची. वाफ बंद ठेवायची. आणि कागद वर्तमानपत्राचा नको, कारण त्याची शाई कापडावर उतरते. खोक्यावर धुऊन जाणारे म्हणजे ‘वॉशेबल’ असे लिहिलेले खडू तर घेऊच नयेत, कारण त्यांची सारी करामत धुतल्यावर निघून जाण्यातच असते. प्लास्टिकचे खडू आमच्या कापडावर नीट चढलेच नाहीत. ऑइल पेस्टलचे तेल रेघेबाहेर पसरून पिवळट कडा सोडते, तेव्हा तेही बाजूला ठेवावेत.

कापडासाठीच बनवलेले खडू, म्हणजे फॅब्रिक पेस्टल, हातात धरायला मेणखडूसारखेच असतात, मात्र त्यांतला रंग इस्त्रीच्या उष्णतेने कापडावर पक्का बसावा अशा रीतीने तयार केलेला असतो. पाच धुण्यांनंतर या तुकड्याचा आणि न धुतलेल्या तुकड्याचा फरक शोधावा लागला. त्रास दोनच: रंगवताना त्यांचा चुरा पडतो आणि तो तसाच राहिला तर इस्त्रीखाली त्याचे ठिपके उमटतात, म्हणून चिकटपट्टीने अलगद उचलावा लागतो, शिवाय मऊ असल्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या पुढे गेला की, ते बोटांना लोण्यासारखे लागतात. आम्ही डबी फ्रिजमध्ये ठेवत होतो, भाजीच्या कप्प्यात.

तिसरा प्रकार कागदावर चित्र काढून ते इस्त्रीने कापडावर उतरवण्याच्या ट्रान्सफर खडूंचा. यांतला रंग उष्णतेने वाफ होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो आणि तेथे अतिशय पक्का बसतो, परंतु निव्वळ सुती कापडात त्याला धरून ठेवणारे काही नसते. टेरीकॉट चालेल, मांजरपाट चालणार नाही. चित्र उलटे उमटते, म्हणून मुलाचे नाव लिहायचे असेल तर ते कागदावर आरशातल्यासारखे लिहावे लागते. उन्हाळ्यातही पांघरायची गोधडी टेरीकॉटची असावी हे मला पटत नाही, म्हणून हा पर्याय मी सोडला.

बाटलीतले फॅब्रिक कलर टिकण्यात सर्वांत पुढे आहेत, कारण त्यांतील अॅक्रिलिकचा बांधक रंगाच्या पुडीला कापडाशी चिकटवून धरतो. परंतु जाड थर दिला तर तुकडा पापडासारखा कडक होतो आणि त्यातून धावदोरा घालताना सुई अडते. जुन्या साड्यांचे चार थर खाली असतील तर बोट दुखते. शिवाय पाच वर्षांच्या मुलाला कुंचला दिला की चित्र त्याचे राहत नाही, आईचे होते.

रंग पक्का करण्यासाठी मीठ, व्हिनेगर किंवा तुरटीच्या पाण्यात तुकडा बुडवण्याचा सल्ला आम्हालाही अनेकींनी दिला. व्हिनेगरसारखे आम्ल लोकर-रेशमावरच्या काही रंगांना उपयोगी पडते आणि तुरटी वनस्पतिजन्य रंगांना धरते. सुती कापडावर अडकून बसलेल्या खडूच्या पुडीवर यांतले काहीच काम करीत नाही. त्यापेक्षा पूर्वतयारीकडे लक्ष द्यावे. गांधीबागेतून आणलेल्या मांजरपाटाला खळ असते. ती गरम पाण्यात साबणाने काढल्याशिवाय रंग वरच राहतो, आणि कापड नंतर आटून शिलाई चुरगळते ती वेगळीच. तुकड्याखाली बारीक पॉलिश पेपर ठेवला तर कापड सरकत नाही आणि रंगही अधिक चढतो. चारी बाजूंनी शिलाईसाठी पाव इंच कोरा सोडावा.

माझी निवड अशी: भिंतीवरच्या गोधडीसाठी निःसंकोच मेणखडू, रोजच्या गोधडीसाठी फॅब्रिक पेस्टल. घरात मेणखडूच असतील आणि गोधडी अंगावर घ्यायची असेल, तर चित्राच्या बाह्यरेषेवरून दांडी टाका घालावा. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत खडूने रंगवलेल्या गोधड्या अशाच भरतकामाने बांधल्या जात, आणि रंग फिका झाला तरी दोऱ्याने चित्र टिकते. धुताना थंड पाणी, सौम्य साबण, पिळणे नाही. वाळवताना उलट बाजू वर करून सावली. आमच्या बारा तुकड्यांपैकी नऊ पेस्टलचे आहेत, तीन मेणखडूचे, कारण त्या तीन मुलांनी आपला खडू सोडायला नकार दिला. त्या तिघांच्या बैलांना मी काळा दोरा घातला आहे.