पणजीतलं दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग: पहिला दिवस फुकट, दुसऱ्या दिवशी पैसे वसूल

आधीच सांगतो, मी स्वतःहून गेलो नव्हतो. वेर्ण्याला एका औषध कंपनीत पॅकिंगला शिफ्ट इनचार्ज आहे, गेल्या वर्षी प्रमोशन झालं आणि तेव्हापासून एचआरच्या मॅडम मागे लागलेल्या की लीडरशिपचं काहीतरी करा. पाटोला एका हॉटेलच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार, फी 6,500 आणि वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 7,670, अर्धे कंपनीने भरले अर्धे मी. खिशातून गेलेत त्यामुळे कुठे जास्तच खवचट लिहिलं असेल तर समजून घ्या. संस्थेचं नाव टाकत नाही, तक्रारी आहेत थोड्या आणि ट्रेनर माणूस म्हणून चांगला होता.

विषय होता "वेगवेगळ्या पिढ्यांची टीम कशी सांभाळायची". आम्ही पंचवीसेक जण, कळंगुटच्या हॉटेलवाले, फोंड्याच्या एका बँकेतल्या दोन मॅडम, बाकी आमच्यासारखे फॅक्टरीवाले. आल्या आल्या जन्मसालाप्रमाणे टेबलं वाटली. 1965 ते 80 जेन एक्स, 1981 ते 96 मिलेनियल, 1997 पासून पुढे जेन झी. मी 85 चा, म्हणजे मिलेनियल, म्हणजे मला म्हणे सारखी शाबासकी लागते. आमच्या घरी शाबासकी कोणी कुणाला दिलीय आजवर!

मग दुपारपर्यंत नुसत्या स्लाइड. जेन एक्स स्वतंत्र वृत्तीचे का, तर लहानपणी आईवडील दोघं कामावर आणि पोरं शाळेतून आली की किल्लीने घर उघडून एकटीच बसायची. ही अमेरिकेतली गोष्ट हो. आमच्याकडे 1968 सालचे एक काका आहेत, डिचोलीकडचे, त्यांच्या घरात तेव्हा चौदा माणसं होती, एकटं बसायला जागा कुठे मिळणार? काका आधी खाणीवर वर्कशॉपला होते. 2012 ला खाणी बंद पडल्या, वर्षभर घरी बसले, मग आमच्याकडे लागले. 2018 ला खाणी परत बंद झाल्या तेव्हा कँटीनमध्ये हातातला चहा तसाच ठेवून म्हणाले, "बघ, मी परत गेलो असतो तर." या माणसाला समजून घ्यायचं तर जन्मसालाचा काय उपयोग, 2012 विचारा. मी हात वर करून हे बोललो तर ट्रेनर म्हणाले "व्हेरी गुड पॉइंट" आणि पुढची स्लाइड. घरी येऊन शोधलं तर अमेरिकेच्याच नॅशनल अकॅडमीजचा 2020 चा रिपोर्ट सापडला, कामाच्या ठिकाणी माणसं हाताळायला या पिढ्यांच्या कप्प्यांना फारसा शास्त्रीय आधार नाही असा. म्हणजे आमचा अख्खा शनिवार त्यातच गेला.

जेवणाबद्दल एकच. पणजीत बोलावून दोन्ही दिवस पनीर. शनिवारी काहीजण खात नाहीत, मान्य. रविवारी पण नुस्तं (मासे हो) नाही? कळंगुटवाले दोघे सरळ बाहेर जाऊन फिश थाळी खाऊन आले आणि अर्धा तास उशिरा आले, त्यांना कोणी काही बोललं नाही कारण सगळ्यांना मनातून तेच करायचं होतं.

रविवारी येणारच नव्हतो खरं तर. पण पैसे गेलेले. आणि नेमकं त्या दिवशी कामाचं मिळालं. हर्सी आणि ब्लँचर्ड म्हणून दोघांनी 1969 मध्ये एक पद्धत मांडली, सिच्युएशनल लीडरशिप. चार तऱ्हा: नीट सांगून करून घ्यायचं, पटवून द्यायचं, बरोबर बसून ठरवायचं, किंवा सोपवून बाजूला व्हायचं. कुठली तऱ्हा वापरायची ते समोरच्याला *ते काम* किती येतं आणि करायची किती तयारी आहे त्यावर. वय नाही, हुद्दा नाही, एकेक काम बघायचं. ट्रेनरनी कोरा तक्ता दिला, आडवी टीममधली माणसं, उभी कामं, आणि प्रत्येक चौकटीत त्या तऱ्हेचा एक ते चार आकडा टाकायचा, एक म्हणजे सांगून करून घ्यायचं, चार म्हणजे सोपवायचं.

मी दोनच नावं घेतली. काका, आणि साखळीची एक मुलगी, तेवीस वर्षांची, दीड वर्ष झालं लागून. ब्लिस्टर मशीनचा (गोळ्यांच्या पट्ट्या बनवतं ते) चेंजओव्हर, म्हणजे एक गोळी संपून दुसरी लावताना फॉर्मिंगच्या प्लेटा, गाइड वगैरे सगळं बदलायचं, काका चार, ती एक. काकांना फॉइल जास्त ताणलं गेलं की नुसत्या आवाजावरून कळतं, पाठमोरे उभे असले तरी. टॅबवर एंट्री करायची, ती चार, काका एक. लीक टेस्ट, निळ्या पाण्यात पट्ट्या बुडवून व्हॅक्यूम लावायचा आणि गोळीपर्यंत निळं पोचलंय का बघायचं, ती चार, काका तीन. लिहून झाल्यावर बघत बसलो. मी वर्षभर नेमकं उलटं करत होतो, काकांना मशीनवर सूचना देत होतो (एवढ्या वर्षांच्या अनुभवाला!) आणि टॅब हातात देऊन "करा हो, सोपं आहे" म्हणून निघून जात होतो. आणि ती पोर मशीनजवळ गेली की तिला म्हणायचो, तू राहू दे.

दुपारी जोड्या लावून सराव, समोरचा तीन मिनिटं बोलणार, तुम्ही मधे तोंड उघडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, नंतर तो काय म्हणाला ते सांगायचं. बँकेतल्या मॅडम माझ्या जोडीला, त्यांच्याकडचा एक मुलगा बरोब्बर साडेपाचला उठतो म्हणून वैतागलेल्या. चाळीस सेकंदात माझ्या तोंडून "अहो पण मॅडम" निघालंच. तीन मिनिटं किती लांब असतात ते करून बघा एकदा.

सोमवारी फर्स्ट शिफ्टला काकांना म्हटलं, पुढचे चार चेंजओव्हर तिला बरोबर घेऊन करा, आणि टॅब ती तुम्हाला शिकवेल. काका काहीच बोलले नाहीत. चहाच्या वेळी म्हणाले, "सगळं तिला शिकवलं की मग माझं काम काय रे?" इथे तोंड बंद ठेवलं, पुरी तीन मिनिटं नाही पण ठेवलं, आणि खाणीचं सगळं परत एकदा ऐकलं, यावेळी शेवटपर्यंत. मग साहेबांशी बोलून चेंजओव्हरच्या ट्रेनिंग रेकॉर्डवर ट्रेनर म्हणून काकांचं नाव घातलं. चवथीच्या सुट्टीवरून आल्यावर काकांनी स्वतः सुरुवात केली. परवा ती प्लेट बसवत होती, काका डोळे मिटून बाजूला उभे, म्हणतात "आवाज ऐक, बघू नकोस."

सगळं जमलं असं नाही. दर आठवड्याला प्रत्येकाशी पंधरा मिनिटं बोला असं सांगितलेलं, अठरा माणसं आणि आठ तासांची शिफ्ट, कोणी हिशोब करून दाखवावा. काका अजून तारीख टाकताना महिना आधी टाकतात.

तर पाचातले साडेतीन. जमलं तर फक्त रविवारचं द्या म्हणून विचारा, मी विचारलं होतं, नाही म्हणाले. कोर्सनंतर महिन्याने फॉलोअपचा फोन येणार होता तो आलाच नाही, आणि सर्टिफिकेटवर माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलंय, दुरुस्तीचा मेल टाकून अडीच महिने झाले.