यकृत बिघडल्यावर: दारू कमी करायची की पूर्ण सोडायची?

"कमी करतो, पण बंद नाही जमणार," असं अनेकजण डॉक्टरांना सांगतात. प्रमाण घटवण्याचा फायदा खरा आहे. नुसती चरबी साठलेल्या यकृतावरचा ताण त्याने हलका होतो. पण व्यसन जडलेल्या माणसाने एका पेगवर थांबणं फार अवघड, आणि सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या यकृताला थोडी दारूही घातकच.

पूर्ण बंद केल्यावर साठलेली चरबी बहुधा काही आठवड्यांतच ओसरू लागते. सिरोसिसमधले व्रण सहसा पूर्ण भरून येत नाहीत. तरीही दारू सुटली की पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी यांचा धोका घटतो, आयुष्य वाढतं. म्हणून कावीळ किंवा सिरोसिस असेल तर माझं मत ठाम आहे: पूर्ण बंद.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने ती घरच्या घरी एका झटक्यात सोडू नये. आधी हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं आणि थायमिन, म्हणजे बी1 जीवनसत्त्व, मिळालं की हा धोका बराच टळतो. झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका. बिघडलेल्या यकृतामुळे त्यातल्या बऱ्याचशा शरीरात साठून राहतात.