एमएलबी टीव्हीचं एक वर्ष: संत्र्याच्या बागेत पहाटे चारचं बेसबॉल

आधीच सांगून टाकतो, मी एमएलबी टीव्ही या अमेरिकन बेसबॉलच्या अॅपचं सबस्क्रिप्शन मोठ्या लीगसाठी, म्हणजे एमएलबीसाठी घेतलं होतं अन् मोठी लीग यावर्षी जेमतेम वीस-पंचवीस मॅच पाहिली असंल, बाकी सगळा वेळ खालच्या लीगमधल्या पोट्ट्यांमागे गेला. त्यामुळे हा रिव्ह्यू वाचून कोणी होम रन पाहायला घेत असंल तर घ्या, चांगलंच आहे, पण माझे पैसे वसूल झाले ते मायनर लीगमुळे. ते त्याच अॅपमध्ये त्याच पैशात दिसते हे मला घेईपर्यंत माहीत नव्हतं.

आमचं गाव वरूड तालुक्यात, संत्र्याची बाग आहे. शेतीची लाईन एक आठवडा दिवसा अन् एक आठवडा रात्री, म्हणजे उन्हाळ्यात रात्री दोन-तीनला उठून मोटर चालू करायची अन् ओलीत होईपर्यंत बांधावर बसून राहायचं. तिकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आपल्याकडे पहाटेचे चार. एप्रिल-मेमध्ये याच्याइतकं जुळलेलं टाइमटेबल मला आयुष्यात कोणत्याच गोष्टीचं भेटलं नाही. जूनमध्ये पाऊस आला, मोटर बंद झाली, पण तोवर सवय लागली होती.

पैसे भरायचा किस्सा सांगतोच. कार्ड दोनदा नाही म्हणालं. बँकेत गेलो (कोणत्या ते राहू द्या) तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, इंटरनॅशनल चालू करायचं म्हणजे कुठं जाऊन राहिले? म्हटलं कुठंच नाही जी, बेसबॉल पाहाचं आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं अन् फॉर्म दिला. फॉर्म भरला, तीन दिवसांनी कार्ड चाललं, नंतर समजलं की मोबाइलमधूनच एक बटण दाबलं की होते. तुम्ही ते बटण आधी शोधा. अन् ऑटो रिन्यूअलही सेटिंगमध्ये जाऊन पाहून घ्या, पुढच्या वर्षी ऐन फवारणीच्या पैशातून कटायला नको.

आता बेसबॉल कुठून आलं ते. आमच्याकडे शाळेत सॉफ्टबॉल होतं, दहावीला खेळाचे वाढीव मार्क भेटते म्हणून अर्धी शाळा टीममध्ये, ग्लोव्ह दोन अन् पोरं नऊ, बाकीचे हातानेच पकडायचे. मग २००८ मध्ये रिंकू सिंग अन् दिनेश पटेल हे युपीचे दोघं एका टीव्ही स्पर्धेतून निघाले अन् मोठ्या लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारावर घेतलं. रिंकू २००९ मध्ये गल्फ कोस्ट लीगमध्ये खेळला, म्हणजे मायनरच्या पार तळाला. (हा रिंकू म्हणजे केकेआरवाला नाही. हा पुढे कुस्तीत गेला, वीर महान नावाने, तोच.) तेव्हापासून मी पायरेट्सचा. टीम निवडायला दुसरं काहीही कारण चाललं असतं, कारण ही टीम १९७९ नंतर वर्ल्ड सिरीज (मोठ्या लीगची फायनल) जिंकली नाही अन् १९९३ ते २०१२ सलग वीस सीझन जिंकल्यापेक्षा हरल्याच जास्त. अशा टीमच्या फॅनला वर पाहायला काही नसते, म्हणून तो खाली पाहते. आता कोण पोट्टा येऊन राहिला, किती दिवसात येईन.

२०२५ चा माझा पोट्टा म्हणजे कॉनर ग्रिफिन. मिसिसिपीचा, २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नंबराने नवे पोट्टे निवडते ते) नवव्या नंबरवर थेट शाळेतून उचलला, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या अन् तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर. पायरेट्सच्याच खालच्या टीम या, पायऱ्या अशा: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, मग मोठी लीग. २०२५ ची सुरुवात ब्रेडेन्टनला सिंगल-ए मध्ये केली, तिथून ग्रीन्सबोरोला हाय-ए, अन् ऑगस्टमध्ये डबल-ए ला अल्टूना. तीन पायऱ्या एका सीझनमध्ये, वय एकोणीस. सरासरी .३३३, २१ होम रन, ६५ चोरलेल्या बेस. क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो, बेसबॉलमध्ये दहात तीनदा लागला तर माणूस स्टार असते.

माझा पुतण्या दहावीला आहे, शाळेच्या टीममध्ये कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा. सुट्टीत माझ्यासोबत वावरात झोपायला यायचा अन् पहाटे उठवलं की डोळे चोळत मोबाइल धरायचा. अल्टूनाच्या मैदानात राइट फिल्डच्या भिंतीमागे मोठा लाकडी रोलर कोस्टर दिसतो, तो पाहूनच त्याची झोप उडायची. टीमचं नाव कर्व्ह. मला वाटलं कर्व्हबॉलवरून (वळणारा बॉल) असंल, तर नाही, गावाजवळ रेल्वेचं हॉर्सशू कर्व्ह म्हणून डोंगरातलं मोठं वळण आहे, १८५४ चं, गावच रेल्वेने वसवलेलं. आपल्याकडे अचलपूरला टीम काढून तिचं नाव तिथल्या छोट्या रेल्वेवरून शकुंतला ठेवावं तसं. ग्रीन्सबोरोचं तर याहून भारी, तिथं काही वर्षं मिस बेब रूथ नावाची काळी लॅब्राडोर कुत्री पडलेली बॅट तोंडात धरून आणून द्यायची. आईला सांगितलं तर म्हणे, आपला मोत्या चप्पल नेते ते परत आणत नाही.

चित्राबद्दल. खालच्या लेव्हलला कॅमेरे कमी, बॉल हवेत गेला की कधीकधी कॅमेऱ्यालाच सापडत नाही, अन् बऱ्याच मॅचला आवाज रेडिओवाल्याचाच. मला तो आवडायला लागला. एकटाच बोलत असते, घाई नाही, मधेच पोराची हायस्कूलपासूनची हिस्टरी सांगते. इंग्रजी मला अर्धंच समजते पण रोज ऐकून कान बसला. नेट गेलं की नुसता आवाज लावायचा, तेवढं आमच्या टॉवरला झेपते. रोजचा डेटा सहाव्या इनिंगला संपते, ते अॅपचं पाप नाही. मॅच नंतर लावून पाहता येते पण स्कोअर आधी दिसला की मजा गेली. बांधावर बाभळीखालीच फक्त नेट येते म्हणून आम्ही दोघं बाभळीखाली, अंगावर चादर, मच्छर अगरबत्ती दोन्हीकडून.

खरी गोष्ट पुढं आहे. पुतण्याचे प्रश्न. हे अॅप तुम्हाला सगळं सांगते, बॉल किती स्पीडने गेला, कोणत्या पोट्ट्याला स्काउट किती मार्क देऊन राहिले. हे मार्क २० ते ८० मध्ये देते, अन् ५० म्हणजे मोठ्या लीगमधला साधारण खेळाडू. पुतण्याने एकाचे ४५ पाहिले अन् म्हणाला, "पस्तीसले तर पास असते ना काका?" त्याला समजावता समजावता एक इनिंग गेली. पण जो प्रश्न सगळे विचारते तो त्यानेही विचारला, ऑगस्टमधल्या एका पहाटे, ग्रिफिनने बॉल भिंतीपार टाकल्यावर. "काका, हा एवढा मारून राह्यला, मंग याले वरते काऊन नाही घेत?"

याचं उत्तर अॅपमध्ये नाही. मी पहिले सांगितलं की डबल-ए मधले बॉलर अजून त्याला उमजायचे आहेत, ट्रिपल-ए बाकी आहे, ते खरंही आहे, तिथं त्याच्या २१ च मॅच झाल्या. पण अर्धं खरं. दुसरं अर्धं पैशाचं आहे अन् ते मला दोन सीझन वाचून-वाचून समजलं. मोठ्या लीगचा सीझन साधारण १८७ दिवसांचा, त्यातले १७२ दिवस तुमचं नाव वर असलं की एक वर्ष पकडते. अशी सहा वर्षं भरली की पोट्टा मोकळा, फ्री एजंट, पाहिजे त्या टीमसोबत भाव करा. मग एखादा मालक काय करते, चांगल्या पोट्ट्याला सुरुवातीचे सोळा दिवस खालीच ठेवते, म्हणते अजून फिल्डिंग सुधारायची आहे, अन् ते दिवस गेले की चमत्कार झाल्यासारखी फिल्डिंग सुधारते. १७१ दिवस भरते, वर्ष पकडल्या जात नाही, मालकाला सातवं वर्ष भेटते.

पुतण्या थोडा वेळ गप्प बसला अन् म्हणाला, "म्हंजे आईले देते तसा खंड?"

माझी वहिनी कंत्राटी नोकरीत आहे, कुठे ते लिहीत नाही. अकरा महिन्याची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा नवी ऑर्डर, सलग नोकरी कागदावर कधी होऊच द्यायची नाही. नऊ वर्षं झाली. खंडाच्या दिवशी ती घरी पापड लाटते अन् दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर जाऊन बसते. ज्या गोष्टीसाठी मला दोन सीझन लागले ती या पोराला बाभळीखाली एका मिनिटात समजली. फरक एवढाच की ग्रिफिनला सही करतानाच पासष्ट लाख डॉलरच्या आसपास भेटले, त्याचा खंड त्याला परवडते.

सगळ्यांना तसे पैसे भेटत नाही हेही सांगितलं पाहिजे. खालच्या पोट्ट्यांची युनियन २०२२ मध्ये झाली अन् २०२३ मध्ये पहिला करार झाला, तेव्हा सिंगल-ए चा किमान पगार वर्षाला ११,००० डॉलरवरून २६,२०० वर आला, ट्रिपल-ए चा १७,५०० वरून ३५,८००. त्याच्या आधी पोट्टे एका खोलीत पाच-सहा जण झोपायचे, ऑफ सीझनमध्ये कुठं कुठं कामाला जायचे. वहिनीने हा आकडा ऐकला अन् फक्त एवढंच विचारलं, "युनियन कशी केली त्यांनी?"

खंडाच्या या खेळावर मोठ्या लीगचे मालक अन् खेळाडू यांच्या २०२२ च्या करारात थोडा इलाज केला आहे, अन् त्यात आमचीच टीम सापडली म्हणून सांगतो. पॉल स्कीन्स, २०२३ चा पहिल्या नंबरचा पिक. २०२४ मध्ये इंडियानापोलिसला ट्रिपल-ए मध्ये सात मॅच, २७ इनिंगमध्ये ४५ स्ट्राइकआउट, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन) .९९, म्हणजे त्याला तिथं शिकायला काय राहिलं होतं देवाला माहीत. ११ मे ला वर आणला. आता ११ मे पासून मोजलं तर १७२ दिवस होतच नाही. पण नवा नियम असा की रूकी ऑफ द इयरच्या (वर्षातला सर्वात चांगला नवा खेळाडू) मतदानात पहिल्या दोनात आला तर पूर्ण वर्ष धरायचं. स्कीन्स पहिला आला. वर्ष धरल्या गेलं. अन् सुरुवातीपासून वर ठेवून तो जिंकला असता तर क्लबला बक्षीस म्हणून ड्राफ्टमधला एक जास्तीचा पिक भेटला असता, तोही गेला. तेलही गेलं अन् तूपही गेलं. क्लबच्या मनात काय होतं ते त्यांचं त्यांना माहीत, पण खंडाची गोष्ट निघाल्यावर मी वहिनीला फोन करून हे सांगितलं.

आपल्या क्रिकेटमध्ये हा प्रश्नच वेगळा होते. हर्ष दुबेने २०२४-२५ च्या रणजीत ६९ विकेट घेतल्या, एका सीझनचा रेकॉर्ड, विदर्भाने नागपूरच्या जामठ्याला कप उचलला, अन् चौकात सगळे म्हणत होते सिलेक्टरला दिसत नाही का. आपण सिलेक्टरच्या डोळ्यांवर शंका घेतो. बेसबॉलवाला कॅलेंडर घेऊन बसते.

तरी सगळं मालकाच्या माथी मारू नका हेही पुतण्याला सांगितलं, कारण घाई केल्यावर काय होते ते आमच्या बागेत उभं आहे. शेंदुरजनाघाटहून जंबेरीवर बांधलेली कलमं आणली होती, नर्सरीवाल्याने सगळीच फर्स्ट क्लास म्हणून दिली, ते तसंच म्हणते. चौथ्या वर्षी बहार दिसला अन् माझ्या भावाने हौसेने सगळा धरला. झाडं अजून कवळी, वजन पेललं नाही, ऑगस्टमध्ये निम्मी फळं गळली अन् दोन झाडं वाळली ती वाळलीच. बाजूच्या ओळीतला बहार मी तोडून टाकला होता, आई तेव्हा चार दिवस बोलली नाही. आता ती ओळ पाहा अन् ही पाहा. म्हणून एकोणीस वर्षाच्या पोट्ट्याला सप्टेंबरात वर नाही घेतलं याचं मला वाईट नाही वाटलं. पुढच्या एप्रिलमध्ये पंधरा दिवस खाली बसवला तर वाटंल.

अजून एक बारकी गोष्ट जी या अॅपमुळेच आमच्या गावात आली. ट्रिपल-ए मध्ये अंपायरचा बॉल-स्ट्राइकचा (बॉल ठरलेल्या चौकटीतून गेला की नाही) निकाल पटला नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्यावर टपली मारते अन् मशीन पाहून निकाल देते. २०२६ पासून मोठ्या लीगमध्येही तेच, टीमला दोन-दोन चॅलेंज. पुतण्याने हे उचललं. आता शाळेमागच्या मैदानात टेनिस बॉल क्रिकेटमध्येही एलबीडब्ल्यू दिला की पोरं डोक्यावर टपली मारते, अन् मशीन नसल्यामुळे निकाल मारामारीने लागते.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. ज्याला फक्त निकाल पाहिजे त्याने घेऊ नये, हायलाइट फुकट दिसते. ज्याच्याकडे नेट दोन दांड्यांच्या खाली आहे त्यानेही विचार करावा. मराठी-हिंदी कॉमेंट्रीची आशा ठेवू नका. अन् पहिला महिना काही समजणार नाही, पोट्टे सारखे बदलते, काल पाहिला तो आज वर गेलेला असते, त्याच्या जागी तिसराच. एखादा निवडून त्याच्याच मागे लागा. मी बबा चँडलर पकडला होता, २०२१ च्या ड्राफ्टमधला, बॉल टाकत-टाकत वर चढला अन् ऑगस्ट २०२५ मध्ये पोहोचला, पहिल्याच मॅचमध्ये शेवटच्या चार इनिंग टाकून सेव्ह, म्हणजे जिंकत असलेली मॅच हातची जाऊ दिली नाही. त्या सकाळी मी डवरणीला उशिरा गेलो.

आईचं मत वेगळं आहे. ती म्हणते, "रात्रीची झोप मोडून कोनाच्या पोराची चिंता करून राह्यला तू, त्याची माय आहे ना तिथं."

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो रोलर कोस्टर दाखवताना दोनदा होम रन हुकला म्हणून. रिन्यू करणार आहे, आंबिया बहाराचे पैसे आले की. पुतण्याने मोटरीच्या पेटीवर खडूने १७२ लिहून ठेवलं आहे, सीझन सुरू झाला की रोज एक कमी करणार म्हणे. कोणाला घ्यायच्या आधी काही विचारायचं असंल तर पहाटे चार ते सहा मी जागाच असतो, मंगळवार सोडून, तिकडे सोमवारी मायनरची सुट्टी असते.